खाऱ्या वाऱ्यातले लोखंड : कल्हईपासून घरगुती पावडर कोटिंगपर्यंत

(१)
गेल्या मे महिन्यात रेवदंड्याला मावशीकडे गेले होते. मावसभावाने जुन्या मोटारीची पोलादी रिम उतरवून पडवीत मांडली होती. शेजारी भंगारातून आणलेला विजेचा ओव्हन, हातात मावेल एवढी फवारणीची बंदूक आणि काळ्या भुकटीची पिशवी. "ताई, घरीच पावडर कोटिंग करतोय," तो म्हणाला. मावशी आतून म्हणाली, "त्यात काय नवं? आमच्या दारात कल्हईवाला यायचा, तोही हेच करायचा." मावशीचे विधान कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी हा थ्रेड. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

(२)
प्रथम शत्रूची ओळख. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात; मीठ ती क्रिया कैक पटींनी वेगवान करते, कारण खारे पाणी विद्युतवाहक असते आणि गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. त्यात मिठाचा आणखी एक गुण असा की, हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते. म्हणजे किनाऱ्यावरच्या गाडीला गंजण्यासाठी पावसाची वाट पाहावी लागत नाही. मडगार्डच्या आत बसलेला क्षार दमट रात्रीत आपणहून ओला होतो.

(३)
अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी चालत गेलेल्या प्रत्येकाने तटावरच्या त्या दोन चाकांच्या तोफा पाहिल्या असतील. त्यांवर 'डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड' अशी अक्षरे आहेत. लो मूरचे लोखंड आपल्या काळी नावाजलेले होते. पण समुद्राला कारखान्याच्या नावाशी देणेघेणे नसते. आपण त्या तोफांसमोर फोटो काढतो, त्यांचा पल्ला विचारतो. त्यांना तेल-रंग कोण लावत असे, किती दिवसांनी लावत असे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते आरमाराच्या इतिहासाचा निम्मा भाग या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

(४)
धातू या किनाऱ्यावर फार जुन्या काळापासून जहाजाने येत आला. रेवदंड्याला लागून असलेले चौल म्हणजे 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या पहिल्या शतकातल्या ग्रीक मार्गदर्शिकेतील 'सेमिल्ला'. त्याच ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील आणि शिसे आहे. या थ्रेडमध्ये कथील हा शब्द लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

(५)
कान्होजी आंग्रे यांच्या गुराबा आणि गलबते सागवानाची. सागवानाची ख्याती टिकाऊपणाबद्दल आहेच, परंतु लोखंडाच्या दृष्टीने त्याचा एक निराळा गुण आहे. त्याच्या अंगच्या तेलामुळे त्यात ठोकलेला लोखंडी खिळा सुरक्षित राहतो. उलट युरोपातील जहाजे ज्या ओकची बनत, त्यातील टॅनिक आम्ल खिळे खाऊन टाकते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे इंग्रजांना इतकी का भावली, याचे एक कारण हेच. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

(६)
म्हणजे आपल्याकडे लाकूडच लोखंडाचे पहिले आवरण होते. हे वाक्य लिहून मी स्वतःच थोडी थबकले, पण ते बरोबर आहे.

(७)
आता एक इंग्रजी फजिती. ती इथे आवश्यक आहे. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणारे किडे आणि शेवाळ यांवर तो उपाय होता. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तांबे छान होते, पण ते ठोकण्यासाठी वापरलेले लोखंडी खिळे जागोजागी खाऊन गेले होते. काही खिळे मात्र शाबूत. का? तर तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले, तो कागद त्या जागी काढायचा राहून गेला होता. लोखंड आणि तांबे यांच्या मध्ये कागदाचा एक पापुद्रा, आणि तेवढ्याने खिळा वाचला.

(८)
खाऱ्या पाण्यात दोन निराळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी मरतो. १८२४ साली हम्फ्री डेव्ही याने हीच गोष्ट उलटी वापरली. तांबे वाचवायचे तर त्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा. तो झिजेल, तांबे राहील. तांबे राहिलेही, मात्र झिजणे थांबल्यामुळे त्यावर शिंपले चढू लागले आणि जहाजे मंदावली. प्रयोग यशस्वी, उपयोग शून्य. परंतु तत्त्व हाती लागले. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचे पेटंट घेतले आणि जगाला गॅल्वनाइज्ड पत्रा मिळाला. आपला साधा 'पत्रा'.

(९)
जस्ताबाबत एक नोंद करून पुढे जाऊ. राजस्थानातील झावर येथे जस्त गाळण्याचे काम युरोपच्या कित्येक शतके आधी मोठ्या प्रमाणावर चालत होते. धातू आपला, पत्र्याचे पेटंट त्यांचे. यावर हळहळणारे थ्रेड पुष्कळ आहेत. मी आणखी एक लिहीत नाही.

(१०)
आता मावशीच्या कल्हईवाल्याकडे येऊ. येथे मला रेंगाळायचे आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो 'कळकतो'. ताक, चिंचेचे सार, आमसुलाची कढी. कोकणी स्वयंपाकात आंबटाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे कळकण्याचे भय रोजचेच. तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, चव बिघडते आणि पोटही. 'कळकणे' हे क्रियापद मराठीत या एकाच घरगुती अपघातासाठी घडलेले दिसते. त्यावरचा उपाय म्हणजे भांड्याच्या आतून कथलाचा थर : कल्हई.

(११)
ती कशी करत? कल्हईवाला झाडाखाली जमिनीत खळगा करी, त्यात कोळसे घाली, कातडी भात्याची नळी पुरून भाता चालवी. भांडे आधी वाळूने आणि आंबटाने घासून लख्ख केले जाई. मोठी पातेली असतील तर मुलगा किंवा जोडीदार त्यांत उभा राहून पायांनी गोल फिरत घाशी. मग भांडे निखाऱ्यावर तापवायचे, चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून भराभर फिरवायचे. शेवटी भांडे पाण्यात : चर्र आवाज आणि आरशासारखी चकाकी. ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो नवसागराचा वास या ओळीवरच आठवला असेल.

(१२)
नवसागर हा या प्रयोगातला खरा नायक. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. ती वाफ तांब्यावरचा ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा खाते आणि उघड्या, कोऱ्या धातूवर कथील बसते. बसते म्हणजे नुसते चिकटत नाही. सांध्यापाशी तांबे आणि कथील यांचे संयुग तयार होते. म्हणून नीट केलेली कल्हई नखाने सुटत नाही, ती झिजते.

(१३)
झिजणे हा कल्हईचा स्वभाव होता आणि तिची व्यवस्थाही. काही महिन्यांनी कल्हईवाला पुन्हा दारात येणार, हे घराने गृहीत धरलेले असे. जुनी कल्हई खरवडून काढण्याची गरज नसे. घासायचे, तापवायचे, नवे कथील फिरवायचे. आपल्या भाषेनेही हे ओळखले आहे. दिखाऊ प्रतिष्ठा उघडी पडली की आपण 'कल्हई उडाली' म्हणतो, कारण कल्हई उडणार हे सर्वांना ठाऊक होते.

या कारागिरांतले बरेच जण मुस्लिम होते. भांडी घडवणारे तांबट आणि त्वष्टा कासार निराळे. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर पेशवाईत कोकणातून वर गेले, असे तेथे सांगतात. घडवणाऱ्यांची वस्ती आणि आळी उरली, तिला नाव उरले. कल्हईवाला फिरता असल्यामुळे त्याची आळी झाली नाही आणि दप्तरात त्याच्या नावाचा शोध घेणे अवघड होऊन बसते.

(१४)
त्यात लबाडीही होती, हे लपवू नये. कथील महाग, शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळणारा कल्हईवाला चकाकी तशीच देई, पण अन्नातून विष पोटात जाई. हाही मुद्दा पुढे लागणार आहे.

१९७० नंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर पोचली. स्टील कळकत नाही. एका पिढीत कल्हईवाल्याची फेरी संपली.

(१५)
हीच लय होड्यांतही होती. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून 'शाकारतात'. पावसाळ्यापूर्वी घरही 'शाकारत'. होडी आणि छप्पर यांना एकच शब्द आहे, कारण दोन्हींना वर्षातून एकदा हात लागलाच पाहिजे असा नियम होता. पूर्वी लाकडाला माशाचे तेल, राळ, डांबर आणि दक्षिणेकडे काजूच्या टरफलांचे तेल लावत. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ आणि होड्या पाण्यात.

(१६)
काजूच्या टरफलाच्या त्या काळ्या, कातडी भाजणाऱ्या तेलाचा पुढचा प्रवास गमतीचा आहे. त्यापासून काढलेल्या कार्डेनॉलवर आज इपॉक्सी रंगांचे हार्डनर बनतात आणि ते जहाजांच्या गंजरोधक रंगांत वापरले जातात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेले झाड, कोकणी होडीचे तेल आणि आजच्या मालवाहू जहाजाचा रंग असा हा सलग धागा आहे.

(१७)
एक आडवाट. अलिबागेत एक वास्तू अशी आहे जिच्या बांधकामात गंजाचा प्रश्नच आला नाही : चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडतील, या चिंतेने १९०४ साली ती अलिबागेत उभारली. संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस. लोखंड चुंबकीय असल्यामुळे ते वर्ज्य. पोरबंदरचा दगड आणि तांबे-पितळेच्या बिजागऱ्या. किनाऱ्यावर लोखंड न वापरणे हाही एक उपाय आहे, पण मोटारीच्या बाबतीत तो चालत नाही.

(१८)
आता भुकटी. जर्मनीत एर्विन गेमर याने १९५३ च्या मे महिन्यात पेटंटसाठी अर्ज केला. त्याची कल्पना अशी : प्लास्टिकची भुकटी एका टाकीत घ्यावी, खालून हवा सोडावी, म्हणजे ती उकळत्या दुधासारखी वर-खाली होऊ लागते. तापवलेला धातू त्यात बुडवला की भुकटी वितळून त्याला चिकटते. हा थर जाड होई. १९६० च्या दशकात विद्युतभारित फवारणी आली. बंदुकीतून निघणाऱ्या कणांना ऋणभार द्यायचा, वस्तू जमिनीला जोडायची; कण आपणहून वस्तूवर जाऊन बसतात. मग १८० ते २०० अंशांवर भाजायचे. कण वितळतात, पसरतात आणि त्यांच्या रेणूंची जाळी विणली जाते. थराची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे जवळपास आपल्या केसाएवढी.

(१९)
ही पद्धत कारखान्यांत पसरली ती मुख्यतः हवेच्या काळजीपोटी. द्रवरूप रंगातला द्रावक उडून हवेत जातो. १९६६ साली लॉस एंजेलिसने द्रावकांवर निर्बंध घातले, १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि द्रावकच नसलेली भुकटी एकाएकी शहाणपणाची वाटू लागली.

(२०)
आकड्यांकडे पाहा : कथील २३२ अंशांना वितळते, भुकटी २०० च्या आसपास भाजतात. कल्हईवाल्याचा खळगा आणि मावसभावाचा ओव्हन यांच्यात तीसेक अंशांचाच फरक. क्रमही तोच : घासा, पापुद्रा काढा, थर द्या, तापवा. मावशी इथपर्यंत बरोबर आहे.

(२१)
फरक सांध्यात आहे. कथील तांब्याशी संयुग करते, भुकटी लोखंडाशी तसे करत नाही. तिला धरायला खडबडीतपणा आणि मधला एक रासायनिक थर लागतो. तो थर म्हणजे फॉस्फेट. बर्मिंगहॅमच्या टॉमस कॉस्लेट याने १९०६ साली लोखंड फॉस्फोरिक आम्लात उकळून त्यावर फॉस्फेटचा राखी थर चढवण्याचे पेटंट घेतले. आजही चांगल्या कारखान्यात भुकटीआधी ही पायरी असते.

(इतिहासाचा थ्रेड म्हटला की दिल्लीचा लोहस्तंभ कोणीतरी आणतोच, म्हणून मीच आणते. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. तोच स्तंभ मुरुडच्या पुळणीवर उभा असता, तर हा थ्रेड वेगळा झाला असता असे मला वाटते.)

(२२)
मावसभावाने ही मधली पायरी आदल्या वर्षी गाळली होती. रिमला पॉलिश पेपर मारला, पेट्रोलने पुसले, भुकटी मारली, भाजले. दिवाळीपर्यंत रिम नवी दिसत होती. मग दगड लागून एक टवका उडाला. त्या भोकातून खारे पाणी आत शिरले आणि थराच्या खालून पसरत गेले. वरून काळे आणि गुळगुळीत, बोटाने दाबले तर पोकळ. पावसाळ्यानंतर सुरीने टोक उचलले तेव्हा तळहाताएवढा पापुद्रा एका तुकड्यात सुटून आला. खाली ओला, नारिंगी गंज.

(२३)
कल्हई गेली की डोळ्यांना दिसते. भुकटीचा थर आतला गंज झाकून ठेवतो. कल्हईवर पुन्हा कल्हई चढते. भुकटी मात्र पूर्ण जाळून, वाळूच्या माऱ्याने किंवा विषारी रसायनाने काढावी लागते. जुन्या थरांनी माणसाला वर्षातून एकदा वस्तूकडे परत आणले. नवा थर 'आता पाहायला नको' असे सांगून विकला जातो. शहरातल्या कोरड्या तळघरात लागणाऱ्या गाडीला ते चालून जाईल. २०२० पासून रो-रो बोटीने मांडव्याला उतरणाऱ्या आणि रात्रभर समुद्राकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाड्यांना चालणार नाही.

(२४)
पत्र्यांच्या बाबतीत हे आपण पाहिलेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर भागांत घरांची छपरे उडाली. नंतर कौलांच्या जागी अनेकांनी रंगीत पत्रे घातले. रंग वर्षानुवर्षे टिकतो. गंज सुरू होतो तो कापलेल्या कडेला आणि स्क्रूच्या भोकाशी, जिथे रंग नाही आणि निराळ्या धातूचा स्क्रू टेकलेला आहे. 'अलार्म' जहाजाचे खिळे आठवतात का?

(२५)
ज्यांना घरी हे करायचेच आहे, त्यांच्यासाठी इतिहासाबाहेरच्या चार गोष्टी. एकदा भुकटीसाठी वापरलेला ओव्हन पुन्हा अन्नासाठी वापरू नये, कधीच नाही. ज्योतीची भट्टी नको. हवेत उडालेली बारीक भुकटी ठिणगीने पेटते, बंद खोलीत तिचा स्फोट होऊ शकतो. नाकावर धुळीचा योग्य मास्क हवा, रुमाल नव्हे. वस्तूची अर्थिंगची तार कोऱ्या धातूला लागली पाहिजे. भाजण्याची वेळ धातू तापल्यापासून मोजायची, ओव्हनची हवा तापल्यापासून नव्हे. टायर, रबरी बुश, बेअरिंग आधी काढावे. मिश्रधातूची, म्हणजे अलॉय, चाके घरच्या ओव्हनमध्ये घालू नयेत. त्यांची ताकद ठरावीक उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते आणि वाढीव भाजणीत ती कमी होऊ शकते. (चारच्या सात झाल्या.)

(२६)
आणि पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचावे. बाहेर वापरायच्या पॉलिएस्टर भुकटीत 'टीजीआयसी' नावाचा हार्डनर असू शकतो. तो आनुवंशिक द्रव्याला घातक असल्याचे युरोपात १९९० च्या दशकात वर्गीकरण झाले, आणि तेथील उत्पादक दुसऱ्या हार्डनरकडे वळले. शिसेमिश्रित कथलाची गोष्ट म्हणूनच आधी सांगितली. चकाकी दोन्हींची सारखीच असते.

(२७)
रेवदंड्यात या वेळी मावसभावाने दोन दिवस नुसते घासण्यात घालवले. रिम वाळूच्या माऱ्यासाठी बाहेर देऊन आणली, गोड्या पाण्याने धुतली, फॉस्फेटचे द्रावण लावले, सुकवली आणि त्याच दुपारी भुकटी मारली, कारण कोरे लोखंड किनाऱ्यावर एक रात्रही कोरे राहत नाही. नट बसतात त्या खोबणींत भुकटी जाईना. विद्युतभार आतल्या कोपऱ्यांत पोचत नाही. मायकेल फॅरडेने १८३६ साली दाखवलेल्या पिंजऱ्याचा हा घरगुती अवतार. भार कमी करून, बंदूक तिरकी धरून त्याने ते साधले. मावशीने कालनिर्णयवर नारळी पौर्णिमेच्या चौकोनात 'चाके उतरवणे' असे लिहून ठेवले आहे.

(२८)
एक विनंती. चौल, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, उरण, पेण या भागांत फिरणारे कल्हईवाले कोणत्या गावाहून येत, कोणत्या महिन्यात येत, मोबदला पैशांत घेत की भातात, आणि एका हंड्याला काय पडे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहावे. गाव आणि अंदाजे साल अवश्य द्यावे. मी सर्व उत्तरे एका वहीत उतरवून घेत आहे.